गुजरीतला सांबार

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, देसाईगंज या गावांत रोजची भाजी आणायला माणूस मंडईत जात नाही, गुजरीत जातो. गुजरी म्हणजे दररोज भरणारा लहानसा भाजीबाजार. चौकाच्या अंगाला किंवा रस्त्याच्या कडेला पोती अंथरलेली, समोर चार जुड्या, दोन टोपल्या, एखादा तराजू. विकणाऱ्या बहुतेक बायका. कोणी माळ्याच्या घरची, कोणी मराराच्या, कोणी ढिवराच्या, कोणी दूरच्या गोंड टोल्यावरून डोक्यावर टोपली घेऊन आलेली. दुपार कलली की गर्दी वाढते, कामावरून सुटलेली माणसे सायकल टेकवून थैली भरतात, आणि दिवे लागल्यावर उरल्या मालाचा भाव उतरतो. ज्याच्या हातात रोजचा पैसा रोज येतो, आठवड्याची भाजी एकदम भरून ठेवणे ज्याला परवडत नाही, त्याची चूल या गुजरीवर चालते.

या शब्दाचे मूळ फारसीत आहे. 'गुजर' म्हणजे जाणे, ओलांडणे, जाण्यायेण्याची वाट. त्यावरून 'गुजरी' म्हणजे वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दुपारनंतर भरणारा बाजार. उर्दूच्या जुन्या कोशांत हाच अर्थ दिलेला आहे, आणि आजची चंद्रपूरकडची गुजरी त्या अर्थाला अक्षरशः धरून आहे. मराठीत याच घराण्यातले आणखी दोन शब्द आपण रोज वापरतो: प्रसंग 'गुजरणे' आणि पोटाची 'गुजराण'. गुजरी आणि गुजराण या सख्ख्या बहिणी आहेत हे समजल्यापासून मला तो बाजार अधिक जवळचा वाटू लागला, कारण विकणारी आणि विकत घेणारी अशा दोघींची गुजराण तिथे एकाच पोत्याच्या दोन बाजूंना बसलेली असते. याच जिल्ह्यांतल्या 'मालगुजारी' तलावांचे नाव ऐकायला सारखे असले तरी त्यातला 'गुजार' भरणा करण्याच्या अर्थाचा, वेगळ्या क्रियापदाचा. तो इथे ओढू नये.

गुजरीचा संबंध गुजर व्यापाऱ्यांशी जोडणारेही आहेत. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ आहे, अहमदाबादेत साबरमतीच्या काठी भरणारा जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजारही गुजरीच. सराफ्याच्या बाबतीत ती व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे. पण वांगी आणि सांबाराच्या गुजरीत गुजर व्यापारी कुठून येणार? भाजीच्या गुजरीपुरता मी फारसी वाटेकडे झुकतो. नागपूरकर भोसल्यांचा कारभार आणि वर्धा-प्राणहितेपलीकडचे निजामाचे राज्य, या दोहोंच्या मधे असलेल्या या मुलखात फारसी शब्द बाजारापर्यंत उतरणे अगदी स्वाभाविक होते.

आता मंडई. पुण्याच्या माणसाला मंडई म्हटले की भाजी आठवते. तिथली ती दगडी इमारत १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली आणि पुढे महात्मा फुल्यांच्या नावाची झाली. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत मात्र कोणी 'मंडईला चाललो' म्हणाले तर त्याच्या हातात थैली नसते. दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून गावोगाव जी जत्रा भरते, दंडार नावाचे लोकनाट्य होते, रात्रभर नाटक चालते, ती इथली मंडई. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, मिठाईची दुकाने लागतात. छत्तीसगडात हीच 'मडई'. दोन्हींचे मूळ संस्कृत 'मण्डपिका', म्हणजे लहान मांडव. जुन्या शिलालेखांत मण्डपिका हे बाजाराचे आणि जकात घेण्याचे ठिकाण असते. त्या एका मांडवाखालून पश्चिमेकडे भाजीचा बाजार निघाला, उत्तरेकडे धान्याची 'मंडी' निघाली आणि झाडीत माणसांचा मेळा निघाला. यातला कोणताही अर्थ दुसऱ्यापेक्षा शुद्ध नाही.

आठवड्याच्या बाजाराला इथे बाजारच म्हणतात, तोही फारसी. त्याच्याआधी जो शब्द होता तो 'हाट', संस्कृत 'हट्ट' याच्यापासून आलेला. जुन्या मराठीत हाट भरपूर सापडतो, नंतर तो प्रमाण भाषेतून मागे पडला. पण बंगालीत तो चालू आहे, छत्तीसगडीत आहे, आणि गोंडी माणूस बाजाराला 'हाटुम' म्हणतो. मराठीने सोडलेला शब्द गोंडीने जपला आहे. सिरोंच्याकडे गेलात की तेलुगू बोलणाऱ्यांच्या तोंडी 'अंगडी' येते. म्हणजे देसाईगंज ते सिरोंचा एवढ्या प्रवासात बाजारात जायला गुजरी, बाजार, हाटुम आणि अंगडी असे चार शब्द लागतात, आणि जिल्हा एकच आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. शब्दांची वाटणी काही त्या दिवशी झाली नाही.

पण खरी गोष्ट गुजरीच्या आत सुरू होते.

"सांबार कसा दिला वो बाई?"

"दहाची जुडी, माय. घे ना, आताच तोडला."

इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरची सांबारवडी आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली, तरी झाडीतली मुलगी पुण्या-मुंबईला शिकायला जाते आणि भाजीवाल्याकडे सांबार मागते तेव्हा आजूबाजूचे हसतात. इडलीबरोबरचे सांबार इथे मिळत नाही, असे तिला सांगितले जाते. दोनतीनदा असे झाले की ती मुलगी सांबार म्हणायचे सोडते. सुट्टीत घरी आली की आईलाच सांगते, कोथिंबीर म्हण. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्या मुलीकडे जो शब्द आहे तो हसणाऱ्यांच्या शब्दाइतकाच जुना आणि खानदानी आहे.

संस्कृतात 'संभार' म्हणजे एकत्र आणलेली सामग्री, जमवाजमव. यज्ञाला लागणारे साहित्यही संभार, आणि स्वयंपाकाला लागणारा मसालाही संभार. त्यावरून 'सांबार'. गोव्यात आणि किनाऱ्यावर मसाल्याला आजही सांबार म्हणतात. दक्षिणेत मसाल्याच्या त्या अर्थावरून डाळीच्या आमटीला ते नाव मिळाले. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात संभाजीराजांच्या पाहुणचारासाठी आमटी केली आणि तिला सांबार नाव पडले, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण शब्दाची वाट तिकडून जात नाही. संभार हा शब्द त्या पाहुणचाराच्या कितीतरी शतके आधी भाषेत आहे. विदर्भात त्याच शब्दाचा अर्थ आक्रसत आक्रसत एका हिरव्या जुडीवर येऊन थांबला. वरणात, भाजीत, चटणीत, वडीत, सगळीकडे जी एक गोष्ट पडते तीच सगळ्या मसाल्याची प्रतिनिधी ठरली. म्हणजे किनाऱ्यावर सांबार म्हणजे मसाला, तमिळनाडूत आमटी आणि चंद्रपुरात कोथिंबीर. तिघांनी एकाच वारशातून आपापला वाटा उचलला आहे.

कोथिंबीर हा शब्दही चांगलाच जुना. संस्कृत 'कुस्तुम्बरी', कन्नड 'कोत्तंबरी', तेलुगू 'कोत्तिमीर'. माझे भांडण कोथिंबिरीशी नाही. एक शब्द प्रमाण आणि दुसरा गावठी हे कोणी आणि कधी ठरवले, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तारखांत सापडते. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला. त्याचे शब्द मुख्यतः कोकण आणि देशावरून जमवलेले. त्या वेळी चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूरचा मुलूख, कंपनी सरकारच्या ताब्यातच नव्हता. तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसरे रघूजी १८५३ साली वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली आली, पण पाया आधीच घातला गेला होता. शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रे, पाककृतींची पुस्तके त्याच पायावर उभी राहिली. पुढे दाते-कर्व्यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले तेव्हा इकडचे शब्द घेतले, त्यांच्यापुढे कंसात 'ना.' किंवा 'व.' अशी खूण घातली. नागपुरी, वऱ्हाडी. हे त्यांचे उपकारच आहेत. पण पुण्याच्या शब्दापुढे 'पु.' अशी खूण नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. झाडीबोलीचे शब्द तिच्याच घरात बसून गोळा करण्याचे मोठे काम पुढे साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केले, तेव्हा कुठे या बोलीला स्वतःचा कोश मिळाला.

सांबाराच्या शेजारच्या टोपलीत मुनग्याच्या शेंगा असतात. मुनगा म्हणजे शेवगा. शेवगा आणि शेगट ही नावे संस्कृत 'शिग्रु'कडे जातात. मुनगा मात्र दक्षिणेचा: तेलुगूत 'मुनग', तमिळमध्ये 'मुरुंगै'. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला जे 'मोरिंगा' हे नाव दिले तेही याच दक्षिणी शब्दावरून. आज शहरात मोरिंग्याची पूड डब्यात भरून आरोग्यासाठी महाग विकतात. गुजरीत त्याच झाडाची पाने आणि शेंगा त्याच नावाच्या जुन्या रूपाने थोड्या पैशांत मिळतात. हा शब्द चंद्रपुरात थांबला नाही, पुढे छत्तीसगडातही गेला.

हिवाळ्यात याच रांगेत जाम येतात. बाहेरच्या माणसाला जाम म्हणजे कोकणातले ते गुलाबी, पाणीदार फळ वाटते. इथे जाम म्हणजे पेरू, आणि तेलुगूतही पेरूला 'जाम'च म्हणतात. हे फळ अमेरिकेतून आले. ते आले तेव्हा प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या फळाचे नाव त्याला चिकटवले, आणि त्यात कोणी काय निवडले हे पाहण्यासारखे आहे. फारसीत 'अमरूद' म्हणजे नासपती. उत्तर हिंदुस्थानाने ते नाव पेरूला दिले. पोर्तुगीज 'पेरा' म्हणजेही नासपतीच. पेरूच्या मागे कोशकार ती दाखवतात. छत्तीसगडीत पेरूला 'बिही' म्हणतात, आणि फारसीत बिही हे आणखीनच वेगळे, थंड प्रदेशातले फळ. तेलुगू आणि झाडीच्या लोकांनी मात्र इराणची किंवा पोर्तुगालची नासपती पाहिलेली नव्हती. त्यांच्या ओळखीचे फळ जांभूळ, 'जम्बु'. 'जाम' या नावात मला तोच जंबू दिसतो. रानातल्या ओळखीच्या नावाने परक्या फळाला घरात घेतले.

तेलुगू इतकी जवळ का, हे नकाशा पाहिला की समजते. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सिरोंचा तर प्राणहितेच्या काठी, गोदावरीच्या संगमाजवळच. आलापल्ली, एटापल्ली या गावांच्या नावांतच तेलुगू 'पल्ली' बसलेली आहे. आणि सीमा फक्त कागदावरच्या नसतात. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये या दोन्ही जिल्ह्यांतली हजारो माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. धान कापून झालेले असते, गावात काम नसते. बाया-माणसे, कधी शाळकरी मुलेसुद्धा, गाडीत बसून जातात आणि मजुरीत मिरची किंवा पैसे घेऊन येतात. शब्द अशा गाड्यांतूनच इकडून तिकडे जातात. मिरची हा शब्दच पाहा. 'मरीच' म्हणजे मुळात काळी मिरी. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि तिने मिऱ्याचे नाव घेतले. तेलुगूतही तसेच घडले: मिरे म्हणजे 'मिरियालु', मिरची म्हणजे 'मिरप'. दोन शेजारी भाषांनी एकच तोडगा काढला.

बटाट्याला इथे आलू म्हणतात. हा हिंदीचा प्रभाव, असे म्हणून लोक तो विषय सोडतात. प्रभाव आहेच, नागपूर आणि चांदा दीर्घकाळ मध्य प्रांतात होते. पण बटाटा हा शब्द तरी कुठे इथला? तो स्पॅनिश-पोर्तुगीजांमार्फत कॅरिबियन बेटांवरून आला, आणि तिथे 'बटाटा' म्हणजे रताळे. आलू हा संस्कृत 'आलु', म्हणजे जमिनीत वाढणारा कोणताही खाण्याजोगा कंद. दोन्ही नावे दुसऱ्या कुणाची होती आणि दोन्ही या नव्या कंदाने घेतली. टोमॅटोचे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून निघून स्पॅनिश, इंग्रजी असे करत आपल्याकडे पोचले. झाडीत त्याला भेदरे म्हणतात. भेदरा हे नाव बोटीतून उतरलेले नाही. या फळाला इथल्या माणसांनी आपल्या तोंडचे नाव दिले. लहान, पातळ सालीचे, आंबट देशी भेदरे निखाऱ्यावर भाजून, हिरवी मिरची आणि सांबार घालून जी चटणी होते, तिला 'टोमॅटोची चटणी' म्हटले तर चव तीच राहील, पण जेवणारा आणि वाढणारी यांच्यातले काहीतरी कमी होईल असे मला वाटते.

कोहळ्याने तर कितीतरी घरांत घोटाळा केला असेल. संस्कृत 'कूष्माण्ड', प्राकृत 'कोहंड', त्यावरून कोहळा. पुण्याकडे कोहळा म्हणजे पांढरट, राख फासल्यासारखा दिसणारा, पेठ्याचा. विदर्भात कोहळे म्हणजे लाल भोपळा. त्याचीच बोंडे तळतात. लाल भोपळाही अमेरिकेचाच पाहुणा. आवळा देऊन कोहळा काढायची म्हण दोन्हीकडे आहे, फक्त तो काढलेला कोहळा नागपुरात आतून केशरी निघतो.

दुधीला लवकी आणि चवळीच्या शेंगांना बरबटी. ही बरबटी संस्कृत कोशांतल्या 'बर्बट'ची, आणि बंगालीतही ती 'बोरबोटी' आहे. अळूच्या पानांना इथे धोप्याची पाने म्हणतात आणि त्याच्या गड्ड्यांना कोचई. कोचई संस्कृत 'कचु'ची, बंगालीत 'कोचु'. हे साम्य कोशात वाचण्यापुरते राहिलेले नाही. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती चामोर्शी आणि मुलचेरा भागात झाल्या. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे उभी राहिली. ही माणसे भाजी पिकवण्यात आणि मासे पाळण्यात वाकबगार. पद्मा-मेघनेच्या काठची बाई इथल्या बाजारात पहिल्यांदा बसली असेल तेव्हा भाषा परकी, जंगल परके, शेजारी परके. पण शेजारच्या मराठी बाईच्या टोपलीतली कोचई आणि बरबटी तिला नावानिशी ओळखता आली असणार. भाजीचे नाव सांगायला दुभाष्या लागला नाही, एवढाच तो दिलासा, पण निर्वासिताच्या पहिल्या वर्षांत तोही लहान नसतो.

गुजरीच्या कडेला, पक्क्या जागेपासून थोड्या दूर, जंगलातला माल घेऊन बसणाऱ्या बायका असतात. यांच्याकडे रोज तेच मिळत नाही. पहिल्या पावसानंतर कोवळा तरोटा येतो, जो कोकणात टाकळा होतो आणि छत्तीसगडात चरोटा. मग सात्या आणि टेकोडे, म्हणजे वारुळावर, ओल्या मातीत उगवणारी अळिंबी. मेघ गरजला की सात्या फुटतात असे म्हणतात, आणि त्या पाहता पाहता संपतात. गुजरीतला सगळ्यात महाग माल तोच. सात्या या नावात मला 'छत्र' दिसते. मराठीत जुना 'छ' बऱ्याच ठिकाणी 'स' होतो: छायेची सावली झाली, छुरिकेची सुरी झाली. तसेच छत्राचे सात्या झाले असावे. आकार पाहिला तर ते पटते.

श्रावणाच्या आसपास वास्ते येतात. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वरची पाने सोलून, बारीक चिरून, उकळून पहिले पाणी टाकून द्यावे लागते, कारण कच्च्या कोंबात कडवट विष असते. हे कोणी शिकवायला लागत नाही, विकणारीच सांगते. बस्तरमध्ये याला बास्ता म्हणतात. आपल्या घराच्या छपराचा 'वासा' संस्कृत 'वंश'वरून, म्हणजे बांबूवरून आला. वास्ते त्याच बेटातले कोंब आहेत असे मी समजतो. एकाच कुळाचा कोवळा शब्द ताटात आला आणि जून शब्द छपरात गेला.

बांबूच्या बाबतीत शब्दाने पोटापाण्याचा निकाल लावला, तोही इथेच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' या व्याख्येत बसवले. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, पण कायद्यात झाड ठरल्यामुळे तो लाकडाच्या मालात गेला आणि त्याच्यावर वनखात्याचा ताबा राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचे नाव घेऊन त्याला गौण वनउपजांत घातले, म्हणजे तो गोळा करून विकण्याचा हक्क गावाला मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरीही वाहतुकीच्या परवान्यासाठी झगडावे लागले. २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. व्याख्येतला एक शब्द इकडचा तिकडे व्हायला जवळपास ऐंशी वर्षे लागली. शब्दचर्चा हा फावल्या वेळचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीखवार हकीकत पाहावी.

उन्हाळ्याच्या तोंडावर याच बायका मोह आणतात. मोह हा 'मधूक'चा, मधासारखा गोड म्हणून. गोंडीत तो इरुप किंवा इरुक. तेलुगूत इप्प, तमिळमध्ये इरुप्पै. म्हणजे मराठी माणसाने फुलाची चव नावात ठेवली, आणि झाडाचे जुने द्राविडी नाव गोदावरीपासून तमिळ देशापर्यंत एका सुरात चालत राहिले. मागोमाग टेंभरे येतात. सरकारी कागदावर त्याच झाडाची पाने 'तेंदूपत्ता' होतात. तेंदू संस्कृत 'तिन्दुक'चा. गोंडीत तुमरी, तेलुगूत तुमिकी, मराठीत टेंभुर्णी. हंगामात तेंदू ठेकेदाराच्या हिशेबात असतो आणि टेंभरे पोरांच्या हातात.

हा जंगलातला माल बऱ्याचदा तराजूवर चढत नाही. चार (चारोळीची फळे), जांभळे, टेंभरे पानांच्या द्रोणात येतात, किंवा पशाने मोजून. पसा म्हणजे 'प्रसृत', पसरलेला तळवा. द्रोण हा आज आपल्याला पानाचा वाडगा वाटतो, पण कौटिल्याच्या वेळी ते धान्याचे मोठे माप होते: चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. चौसष्ट कुडव एका द्रोणात. झाडीत मात्र उलटापालट झाली. द्रोण पळसाच्या पानाएवढा लहान झाला आणि 'कुडव' वाढून धानाचा 'कुडो' झाला, खळ्यावर पायली आणि खंडीच्या मधे मानाने बसला. दोन हजार वर्षांत मापे बदलली, मोजणारी सत्ता बदलली, पण शब्द खळ्यावरून हलले नाहीत.

तराजूवर 'पाव' आहे. पाव म्हणजे शेराचा चौथा भाग. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम; त्याचा पाव २३३ ग्रॅमच्या आसपास. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, शेर गेला, आणि पाव निमूटपणे किलोचा चौथा भाग बनून २५० ग्रॅम झाला. कायद्याने गिऱ्हाईकाला पावामागे सतराएक ग्रॅम जास्त मिळवून दिले. 'अडीचशे ग्रॅम वांगी द्या' असे गुजरीत कोणी म्हणत नाही. 'पाव वांगे दे' म्हणतात, आणि अर्ध्या पावाला 'आदपाव' म्हणतात.

पहाटे ठोक बाजारात मालाची बोली लागते, तिला इकडे 'हर्रास' म्हणतात. हा अरबी 'हराज', फारसी-उर्दूच्या वाटेने हैदराबाद-नागपूरकडून आला. पश्चिमेकडचा 'लिलाव' पोर्तुगीज 'लेलाँव'चा, तो समुद्राकडून आला. एकाच व्यवहाराला महाराष्ट्राच्या दोन टोकांनी दोन दिशांनी नावे मागवली. हर्रासातून माल घेऊन बाई गुजरीत येते तेव्हा तो 'ठोक'चा 'चिल्लर' होतो. ठोक हा हिंदीतला थोक, ढीग. चिल्लर तेलुगू 'चिल्लर', तमिळ 'चिल्लरै'. मूळ 'चिल', म्हणजे थोडके. पुण्याकडे किरकोळ विक्री वेगळी आणि सुटे पैसे वेगळे. इथे दोन्हींना चिल्लर हा एकच शब्द पुरतो, आणि तेलुगू-तमिळमध्येही अगदी असेच आहे. चंद्रपूर-नागपूरकडच्या दुकानांवर 'ठोक व चिल्लर विक्रेते' अशी पाटी रंगवलेली असते. तिच्यातला दुसरा शब्द इथून तंजावरपर्यंत कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.